विमान-देखभालीचा खर्च: तपासण्या न घटवता, नोंदी वाचून

गोदाकाठी (धागाकर्ती)

ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकजवळच्या ओझरला तेजस मार्क-१ए या लढाऊ विमानाची नवी उत्पादन साखळी सुरू झाली आणि नाशिककरांच्या गप्पांत विमानं कशी बनतात हा विषय शिरला. त्याचा आनंद आहेच. पण विमान एकदाच बनतं, आणि नंतर पंचवीस-तीस वर्षं सांभाळावं लागतं. एचएएल आणि एअरबस यांनी ए-३२० कुटुंबातल्या विमानांसाठी नाशिकला देखभाल-दुरुस्ती केंद्र उभारण्याचा करार २०२३ मध्ये केला. म्हणजे इथल्या बऱ्याच मुलामुलींच्या वाट्याला पुढे सांभाळण्याचं काम येणार. मी त्याच कामात आहे. एका विमान कंपनीच्या देखभाल विभागात रिलायबिलिटी बघते: कोणता भाग कधी उतरवला, का उतरवला, दुरुस्तीच्या शॉपमध्ये त्यात काय निघालं, या नोंदींचा अभ्यास.

मला सांगायचं आहे ते एवढंच, की तपासण्या कमी करून देखभालीचा खर्च उतरत नाही. जे भाग बिघडलेलेच नव्हते ते उतरवणं थांबलं, आणि जे खरंच बिघडले ते दुरुस्तीहून लवकर परत आले, की खर्च उतरतो. या दोन्हीची माहिती प्रत्येक कंपनीकडे असते. विमानाच्या टेक लॉगमध्ये (विमानासोबतच्या नोंदवहीत) अर्धी आणि शॉप रिपोर्टमध्ये अर्धी. ही दोन अर्धुकं एकमेकांना जोडली जात नाहीत, आणि पैसा तिथे गळतो.

थोडा इतिहास सांगते, कारण त्याशिवाय पुढचं पटत नाही. जुनी समजूत अशी की प्रत्येक भागाचं एक वय असतं, ते भरलं की भाग उतरवायचा, खोलायचा, नवा करून बसवायचा. अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोघांनी प्रत्यक्ष नोंदी तपासून १९७८ मध्ये तिथल्या संरक्षण खात्यासाठी अहवाल लिहिला. त्यांना दिसलं की फक्त ११ टक्के भागांत वय वाढेल तसा बिघाडाचा धोका वाढतो. उरलेल्या ८९ टक्क्यांत वयाचा आणि बिघाडाचा असा संबंधच नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ६८ टक्के भागांत बिघाडाची शक्यता सगळ्यात जास्त असते ती भाग नुकताच बसवलेला असताना. म्हणजे चांगला चाललेला भाग 'वय झालं' म्हणून उतरवला की आपणच त्याला पुन्हा त्या धोक्याच्या काळात ढकलतो, वर ओव्हरहॉलचं (भाग खोलून नवा करण्याचं) बिल भरतो.

याचा परिणाम किती मोठा होता बघा. जुन्या डीसी-८ विमानावर ठरावीक मुदतीने ओव्हरहॉल करायचे ३३९ भाग होते. नव्या विचाराने आखलेल्या डीसी-१० वर ते सात उरले. बोइंग ७४७ च्या ढाच्याच्या मोठ्या तपासण्यांना पहिल्या २०,००० तासांत ६६,००० मनुष्यतास लागले. त्याहून लहान आणि साध्या डीसी-८ ला जुन्या पद्धतीने तेवढ्याच उड्डाण-तासांसाठी ४० लाखांहून जास्त लागले असते. आणि हे सगळं सुरक्षितता न घटवता. आज सगळी मोठी प्रवासी विमानं ज्या एमएसजी-३ या देखभाल आखण्याच्या पद्धतीने सांभाळली जातात, ती १९८० साली यातूनच आली.

मग आज पैसा कुठे जातो? सर्वात मोठा वाटा इंजिनाचा, त्याबद्दल खाली कुणी विचारलं तर लिहीन. मला जास्त जिव्हाळ्याचा विषय आहे 'नो फॉल्ट फाउंड', म्हणजे उतरवलेल्या भागात दोष न सापडणं. रात्रीच्या पाळीत स्नॅग, म्हणजे बिघाडाची तक्रार, येतो, सकाळी सहाचं उड्डाण आहे, इंजिनिअर संशयित युनिट बदलतो आणि विमान सोडतो. त्या वेळी तो बरोबरच वागतो. युनिट शॉपला जातं, टेस्ट बेंचवर सगळं ठीक दिसतं, 'वापरायला योग्य' असा सर्व्हिसेबल टॅग लागतो, युनिट स्टोअरमध्ये परत. दोष खरं तर कनेक्टरच्या पिनमध्ये किंवा वायरिंगमध्ये असतो, तो विमानातच राहतो आणि आठवड्याने पुन्हा तोच स्नॅग येतो. मधल्या काळात तपासणीचं बिल, वाहतूक, पडून राहिलेलं महागडं युनिट आणि कदाचित एखादं उशिरा सुटलेलं उड्डाण, सगळं खर्चात.

याचीच उलटी बाजू म्हणजे तेच ते युनिट. शॉपला त्यात काही सापडत नाही, पण ज्या विमानावर बसवाल तिथे थोड्या तासांत त्रास देतं. पार्ट नंबरने, म्हणजे एका प्रकारच्या सगळ्या युनिट्सची मिळून, सरासरी काढली तर ते कधीच दिसत नाही, शंभर चांगल्या युनिट्सच्या गर्दीत लपतं. सीरियल नंबरने, म्हणजे एकेका युनिटची वेगळी, रांग लावली, 'बसवल्यापासून किती तासांत उतरलं' हा रकाना चढत्या क्रमाने लावला, की तेच दोन-तीन नंबर वर येतात. यासाठी महागडी सॉफ्टवेअर प्रणाली लागत नाही. एक्सेल पुरतं. लागते ती सीरियल नंबरची बिनचूक नोंद.

या क्षेत्रातले, या क्षेत्राजवळचे आणि नुसती उत्सुकता असलेले, सगळ्यांनी लिहा.

ओझरकर

ताई, मांडणी आवडली. लढाऊ विमानांच्या ओव्हरहॉलमध्ये माझी सगळी नोकरी गेली. ओझरला १९६४ पासून मिगचं काम सुरू झालं, पुढे सुखोई आली, हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपोही इथेच. या गावाला ओव्हरहॉल काय असतो हे शिकवायला नको.

पण एक काळजी बोलून दाखवतो. तुमचा हा ८९ टक्क्यांचा आकडा एखाद्या खर्च-कपात करणाऱ्या साहेबाच्या हाती लागला तर तो म्हणेल, मुदती कशाला पाळता, चाललंय तोवर चालवा. लँडिंग गिअरच्या सिलिंडरला आतून गंज धरतो, टर्बाइन डिस्कला डोळ्यांना न दिसणारा तडा जातो. तिथे 'बिघडल्यावर बघू' म्हणता येत नाही. मुदत ही आमच्या रक्तात भिनवलेली गोष्ट आहे आणि ती उगाच नव्हती. दुसरं, लढाऊ विमानाचे ताण वेगळे. प्रवासी विमानाचे आकडे तिथे लावू नका.

गोदाकाठी

काका, हा प्रतिसाद लेखाइतकाच महत्त्वाचा आहे आणि मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. एमएसजी-३ मध्ये पहिला प्रश्न खर्चाचा नसतोच. पहिला प्रश्न असतो: हा भाग बिघडला तर काय होईल? आणि तो बिघडल्याचं वैमानिकाला कळेल का? उत्तर सुरक्षिततेकडे जात असेल तर पैशाचा विचार तिथेच संपतो. टर्बाइन आणि कॉम्प्रेसरच्या डिस्कना उड्डाण-चक्रांची (एकदा उडून उतरणं म्हणजे एक चक्र) कडक मर्यादा असते, एक चक्रही वर चालत नाही. प्रवासी विमानांच्या सीएफएम-५६ इंजिनात हाय प्रेशर कॉम्प्रेसरचे असे भाग साधारण २०,००० चक्रांचे, पंख्याकडचे ३०,००० चक्रांचे. लँडिंग गिअरचा ओव्हरहॉलही मुदतीनेच. त्याला कुणी हात लावत नाही.

शिवाय मुदत बदलणं कुठल्याही साहेबाच्या हाती नसतं. निर्मात्याचा आराखडा, कंपनीचा मंजूर देखभाल कार्यक्रम आणि विमान वाहतुकीचं सरकारी नियामक डीजीसीए, या सगळ्यांतून जावं लागतं. आणि एक गोष्ट लेखात राहिली ती इथे लिहिते. नोंदींचा अभ्यास मुदत कमीही करतो. दर महिन्याला हजार तासांमागे किती स्नॅग आले ते मोजतो, मागच्या बारा महिन्यांच्या सरासरीवर प्रमाण विचलनाच्या (आकड्यांच्या नेहमीच्या चढउताराच्या मापाच्या) दोन-तीन पट अंतरावर इशारा-रेषा आखतो. रेषा ओलांडली की चौकशी. किनारपट्टीवरच्या दमट हवेत एखाद्या व्हॉल्व्हची तपासणी निर्मात्याने सांगितल्याहून लवकर करावी लागते, हे नोंदींमुळेच कळतं. तिथे तपासणीचा खर्च वाढतो आणि तो वाढायलाच हवा.

द्राक्षबागाईत

विमानातलं मला काही कळत नाही, निफाडकडचा माणूस. पण हे वाचून आमच्या बागेतलंच वाटलं. पूर्वी द्राक्षावरच्या डाऊनी रोगासाठी कॅलेंडर बघून फवारणी व्हायची, अमुक दिवस झाले की मारा. आता बागेत हवामान केंद्र बसवलंय, पान किती तास ओलं राहिलं, आर्द्रता किती, यावर ठरवतो. काही फवारण्या वाचतात. आणि पाऊस लांबला तर कॅलेंडरच्याही आधी मारावी लागते. ताईंनी शेवटी लिहिलं ते तेच ना?

गोदाकाठी

अगदी तेच, दादा. मुदतीऐवजी स्थिती बघून ठरवणं, याला आमच्याकडे 'ऑन कंडिशन' म्हणतात.

अंबडवाला

अंबड एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे, संगणकावर चालणारी सीएनसी मशीन आहेत. माझा प्रश्न सुट्या भागांचा. स्पेअर स्पिंडल (मशीनचा फिरणारा मुख्य दांडा) घेऊन ठेवला तर पैसा अडकतो, नाही ठेवला तर मशीन बंद. तुमच्याकडे तर एकेक भाग लाखांचा. किती ठेवायचे हे कसं ठरवता? आमच्याकडे अंदाजपंचे चालतं.

गोदाकाठी

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहिते. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत.

समजा दहा विमानं आहेत, प्रत्येकावर एकाच प्रकारची दोन युनिट्स. विमान वर्षाला ३,००० तास उडतं. म्हणजे सगळ्या युनिट्सचे मिळून वर्षाला ६०,००० तास. सरासरी ६,००० तासांनी एक युनिट उतरतं असं धरलं, तर वर्षाला दहा उतरतील. प्रत्येक युनिट दुरुस्तीहून परत यायला ७३ दिवस, म्हणजे वर्षाचा पाचवा हिस्सा लागतो. तर कुठल्याही दिवशी सरासरी दोन युनिट्स दुरुस्तीला गेलेली असणार.

इथे बरेच जण 'मग दोन सुटी ठेवा' म्हणतात आणि फसतात. सरासरी दोन म्हणजे कधी शून्य, कधी चार. पॉयसाँचं (अधूनमधून घडणाऱ्या घटनांच्या शक्यतेचं) गणित लावलं तर चार सुटी ठेवल्यास साधारण ९५ टक्के वेळा भागतं, पाच ठेवल्यास ९८ टक्के.

आता दुरुस्तीहून परत येण्याची मुदत निम्मी करा, साडेछत्तीस दिवस. बाहेर असणाऱ्यांची सरासरी एकावर आली. तेच ९८ टक्के आता तीन युनिट्समध्ये मिळतात. दोन महागडी युनिट्स विकत घ्यायची वाचली आणि विमानाला बोटही लावलं नाही. वाचवलेले दिवस तरी कुठले असतात? बहुतेक वेळा दुरुस्तीचे नसतातच. युनिट विमानावरून उतरून पेटीत जाईपर्यंतचे, कागदपत्रांचे, कस्टम्सचे, खर्चाच्या अंदाजाला मंजुरी मिळेपर्यंतचे. प्रत्येक टप्प्याला तारखेचा रकाना ठेवला की पंधरवड्यात दिसतं कुठे साचतंय.

आता त्यावर लेखातला मुद्दा चढवा. उतरणाऱ्या दहांपैकी तीन मुळात बिघडलेलीच नव्हती आणि ती उतरवणं टळलं, तर वर्षाला सातच. मग दोन सुट्या युनिट्समध्येही जवळजवळ ९७ टक्के भागतं. पाचावरून दोनावर.

अर्थात सगळ्या भागांना ९८ टक्के लागत नाहीत. एखादा भाग बिघडलेला असतानाही विमान उडवायला मिनिमम इक्विपमेंट लिस्ट परवानगी देते, काहींना ३ दिवस, काहींना १०, काहींना १२०. ज्याला एकही दिवस नाही तो स्टोअरमध्ये हवाच. ज्याला १२० दिवस आहेत तो मागवून घेता येतो. तुमच्याकडेही कोणतं मशीन बंद पडलं तर ऑर्डर अडते आणि कोणतं पडलं तर काम दुसऱ्या मशीनवर वळवता येतं, अशी यादी आधी करा. स्पिंडलचं गणित त्यानंतर.

आणखी एक. वर्षात दोन-तीनदाच लागणाऱ्या भागाची मासिक सरासरी काढू नका, ती दिशाभूल करते. बारा महिन्यांत दहा शून्यं असतात. मागणी किती अंतराने येते आणि आली की किती येते, हे वेगवेगळं मोजायचं. क्रॉस्टन नावाच्या माणसाने १९७२ मध्ये ही रीत मांडली, अजून वापरात आहे.

अंबडवाला

धन्यवाद. टप्प्यांच्या तारखांचं लगेच करण्यासारखं आहे. आमचे स्पिंडल दुरुस्तीला बाहेरगावी जातात आणि कोटेशनवर सही व्हायलाच आठवडे जातात.

हिशेबनीस

मी सनदी लेखापाल, त्यामुळे वेगळ्या बाजूने विचारतो. विमान देखभाल सेवेवरचा जीएसटी एप्रिल २०२० पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला आणि जुलै २०२४ पासून आयात सुट्या भागांवरही सरसकट ५ टक्के आयजीएसटी झाला. म्हणजे देशातच दुरुस्ती करणं आता परवडायला हवं. पण माझा मुख्य प्रश्न हा: बऱ्याच कंपन्या इंजिन-निर्मात्याशी तासाला अमुक दर असा करार करतात. सगळी जोखीम त्याच्याकडे. मग कंपनीला स्वतः हा अभ्यास करायची गरज काय?

गोदाकाठी

असे करार जुने आहेत. १९६२ मध्ये ब्रिस्टल सिडलीने वायपर इंजिनासाठी सुरू केलेली ही पद्धत. करार असला तरी अभ्यास का लागतो, याची कारणं सांगते.

दर ठरवताना समोरच्याकडे जगभरच्या शेकडो इंजिनांच्या नोंदी असतात. तुमच्याकडे स्वतःच्याही नीट नसतील तर वाटाघाटीत बोलणार कशावर? मग करारातले अपवाद. पक्षी धडकला, धावपट्टीवरचा खडा आत गेला, तर खर्च तुमचा. युनिट पाठवलं आणि त्यात दोष निघाला नाही तर अनेक करारांत तपासणीचं शुल्क वेगळं. आणि विमान भाड्याचं असेल तर परत करताना प्रत्येक महत्त्वाच्या भागाचा जन्मापासूनचा कागद दाखवावा लागतो. एक कागद हरवला तर भाग चांगला असूनही त्याची किंमत शून्य धरली जाते.

इंजिनाचं तर स्वतंत्र गणित आहे. इंजिन जुनं होतं तसं टेकऑफच्या वेळी एक्झॉस्टचं (बाहेर पडणाऱ्या वायूचं) तापमान मर्यादेच्या जवळ सरकत जातं. मधलं अंतर म्हणजे ईजीटी मार्जिन. त्याचा आलेख प्रत्येक उड्डाणागणिक ठेवला की इंजिन साधारण कधी उतरवावं लागेल हे कित्येक महिने आधी कळतं. कॉम्प्रेसर पाण्याने धुतला की काही अंश परत मिळतात. धावपट्टी लांब आणि वजन कमी असेल तेव्हा पूर्ण जोर न लावता टेकऑफ केला तर झीज मंदावते. आता समजा मार्जिन संपल्यामुळे इंजिन उतरवलं आणि आतल्या डिस्कची १,५०० चक्रं शिल्लक आहेत. तशीच बसवली तर १,५०० चक्रांनी पुन्हा इंजिन उतरवा, बदलली तर तेवढं आयुष्य फुकट. मार्जिन आणि डिस्क दोन्ही साधारण एकाच सुमारास संपतील अशी इंजिनं वेगवेगळ्या मार्गांवर फिरवणं, हे नियोजन जमलं तर एका इंजिनामागे वाचणारी रक्कम बाकी सगळ्या बचतींपेक्षा मोठी असते.

पंचवटी_एक्सप्रेस

ताई, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, नाशिकलाच. प्रोजेक्टसाठी हाच विषय घ्यायचा विचार करतोय. मशीन लर्निंगने बिघाडाचं भाकीत. कुठलं मॉडेल घेऊ? आणि डेटा कुठून मिळेल, कंपन्या देत नाहीत.

गोदाकाठी

डेटा मिळतो. नासाने टर्बोफॅन इंजिनाच्या ऱ्हासाचा सी-मॅप्स नावाचा संच खुला ठेवला आहे, सिम्युलेशनने बनवलेला, पण शिकायला उत्तम. आणि अमेरिकेच्या एफएए या विमान-नियामकाकडचे सर्व्हिस डिफिकल्टी रिपोर्ट सगळ्यांना बघता येतात. त्यात खऱ्या तंत्रज्ञांनी खऱ्या हँगरमध्ये लिहिलेला मजकूर आहे.

माझं ऐकशील तर दुसरा घे. सी-मॅप्सवर हजारो प्रोजेक्ट झालेत. खरी अडचण त्या मजकुरात आहे. एकच बिघाड दहा जण दहा तऱ्हेने लिहितात, स्पेलिंग वेगळं, संक्षेप वेगळे, एटीए प्रकरण (विमानातल्या प्रणालीचा ठरलेला क्रमांक) चुकीचं. हे सरळ करणारं काहीतरी बनवलंस तर ते उद्या कुठल्याही हँगरमध्ये चालेल. मॉडेलच्या आधी वायबुलचं वितरण (भाग किती काळाने बिघडतात ते मांडणारं सूत्र) नीट समजून घे. त्यातला बीटा हा आकडा एकापेक्षा कमी आला तर भाग सुरुवातीला बिघडतोय, म्हणजे बसवण्यात किंवा दुरुस्तीत खोट. एकाच्या आसपास असेल तर बिघाड वयावर अवलंबून नाही, मुदतीने उतरवून उपयोग नाही. एकापेक्षा बराच जास्त असेल तर झीज, तिथे मुदत कामाची. या एका आकड्यावर किती निर्णय ठरतात हे पाहशील तेव्हा तुला हा विषय सोडवणार नाही.

ओझरकर

पोरा, एक माझंही ऐक. तो मजकूर लिहिणारा माणूस रात्री तीनला उभ्याने लिहितो, हाताला ग्रीस, पुढचं विमान वाट बघतंय. त्याला वाटतं ही नोंद फाइलीत जाऊन पडणार, कोण वाचतंय. म्हणून 'चेक्ड, फाउंड ओके' लिहून मोकळा होतो. आमच्या वेळी तेलाचे नमुने प्रयोगशाळेत जायचे, त्यात लोखंड, तांबं किती कण निघाले त्यावरून कुठला बेअरिंग घासतोय ते कळायचं. अहवाल परत शॉप फ्लोअरवर यायचा तेव्हा पोरं नमुना जपून घ्यायची, बाटली स्वच्छ ठेवायची. अहवाल वरच अडकला की निष्काळजीपणा सुरू. ताई, तुमच्या त्या सीरियल नंबरच्या याद्या हँगरमध्ये लावता का?

गोदाकाठी

लावतो, काका. दर आठवड्याला, पाळी बदलते त्या जागी, एक पानभर. कोणती युनिट्स वारंवार येताहेत, शॉपला त्यांत काय मिळालं, आणि कोणाच्या नोंदीमुळे दोष सापडला. नावासकट. ते सुरू झाल्यापासून नोंदींत 'रिप्लेस्ड' या एका शब्दाऐवजी पूर्ण वाक्यं येऊ लागली: कुठल्या उंचीवर स्नॅग आला, कोणता इशारा आधी पेटला, कनेक्टर उघडून पाहिला का. शॉपला हीच माहिती हवी असते. ती मिळाली की ते युनिट नुसतं बेंचवर न लावता थंड करून, थरथरवून तपासतात आणि लपलेला दोष सापडतो.

निलगिरीबाग

+१. धागा जपून ठेवला आहे. ब्रेकबद्दल कुणी लिहाल का? ऐकलंय की वैमानिकाच्या सवयीवर झीज ठरते.

गोदाकाठी

हो, कार्बन ब्रेकच्या बाबतीत. ते किती जोराने दाबले यापेक्षा किती वेळा दाबले यावर जास्त झिजतात. टॅक्सी करताना (जमिनीवर विमान चालवताना) सतत हलके हलके दाबण्यापेक्षा वेग थोडा वाढू देऊन एकदा नीट दाबलेला बरा. स्टीलच्या ब्रेकला हे लागू नाही. उड्डाणाच्या नोंदींतून दाबण्याची संख्या काढता येते आणि ब्रेक किती झिजला ते दाखवणाऱ्या झीज-पिनच्या मापाशी ताडून बघता येते. हे वैमानिकांपुढे मांडताना नावं काढून मांडायची. उड्डाण-डेटा शिक्षेसाठी वापरला जातो असं एकदा वाटलं की पुढे कुणी मोकळेपणाने बोलत नाही, आणि सुरक्षिततेचं नुकसान ब्रेकच्या किमतीहून फार मोठं असतं.

पंचवटी_एक्सप्रेस

एफएएचे रिपोर्ट बघायला घेतले. प्रचंड आहेत. एखादं एटीए प्रकरण निवडून सुरुवात करू का? ३२, लँडिंग गिअर?

गोदाकाठी

३२ मध्ये चाकं-टायरच्या नोंदींचा फार भरणा असतो, त्यात हरवशील. ३६ घे, न्यूमॅटिक, म्हणजे इंजिनातून घेतलेल्या दाबाच्या हवेची प्रणाली. ब्लीड व्हॉल्व्ह, प्रेशर रेग्युलेटर, सेन्सर, गळती. एका लक्षणामागे चार कारणं असतात आणि बरेचदा चुकीचाच भाग बदलला जातो. एकाच विमानाचा नंबर महिनाभरात पुन्हा आलेल्या नोंदी आधी वेगळ्या कर. पहिल्यांदा काय बदललं आणि शेवटी दोष कशाने गेला, हे दोन रकाने हाताने भर, प्रोग्राम नंतर लिही. शंभरेक झाल्या की इथेच टाक, काका आणि मी मिळून बघतो.

ओझरकर

बघतो. आणि ओझरकडे आलास तर भेट, ब्लीड व्हॉल्व्ह उघडल्यावर आतून कसा दिसतो ते कागदावर काढून दाखवीन.